विश्लेषण : घरातली मारहाण आधीच थांबवता येते का? मुंबईच्या ‘टिस’चे काम काय सांगते?

रात्रीचे अकरा. लकडगंजमधल्या आरामशीन बंद झालेल्या असतात, गल्ली शांत असते. एखाद्या घरातून भांडी आदळल्याचा आवाज येतो, मग रडणे. शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात. ‘नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मधात पडायचं?’

मधात कोणी, कधी आणि कसे पडायचे, यावर संशोधन संस्था चार दशकांपासून काम करीत आहेत. त्यातील महत्त्वाचे प्रयोग महाराष्ट्रातच झाले.

किती जणी बोलतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात १८ ते ४९ वयोगटातील २९.३ टक्के विवाहित महिलांनी पतीकडून हिंसा सोसली आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के महिलांनी ना मदत मागितली, ना कोणाला सांगितले. मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के. त्यामुळे ठाण्यात तक्रारी कमी आहेत म्हणजे मारहाण कमी आहे, असे म्हणता येत नाही.

पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्त्या कशा आल्या?

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने (टिस) १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तर्क साधा होता. पीडित महिला शेवटी पोलिसांकडे जाते, तर प्रशिक्षित समाजकार्यकर्ती तिथेच बसली पाहिजे. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हे कक्ष स्वीकारले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले.

मग ‘समजूत घालणे’ आणि समुपदेशन यात फरक काय?

फरक मोठा आहे. ‘दोघंही थोडं सांभाळून घ्या’ असे सांगून महिलेला परत पाठवले, तर फाईल बंद होते, मार बंद होत नाही. विशेष कक्षाच्या पद्धतीत बोलणी होतात ती हिंसा थांबवण्यासाठी. घर टिकवायचे की सोडायचे, हा निर्णय तिचा. कार्यकर्ती तिला मानसिक आधार देते, पोलिसांची मदत मिळवून देते, निवारा आणि वकिलापर्यंत पोहोचवते, स्त्रीधन परत मिळवायला मदत करते. पुरुषाशीही बोलले जाते, पण तिचे हित डोळ्यांसमोर ठेवून.

शाळेपासून सुरुवात केली तर?

२००८ मध्ये मुंबईतील ४५ महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी ‘जेम्स’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात आयसीआरडब्ल्यू, कोरो आणि टिस या संस्था होत्या. काही शाळांत वर्गातील सत्रे आणि शाळाभर मोहीम, काहींत फक्त मोहीम, तर काहींत काहीच नाही, अशी विभागणी केली गेली. समानतेबद्दलचा दृष्टिकोन सत्रे झालेल्या शाळांत अधिक सुधारला. प्रत्यक्ष हिंसक वागण्याबाबत मात्र चित्र संमिश्र होते. मत लवकर बदलते, हात उगारण्याची सवय उशिरा.

परिणाम मोजतात कसा?

ॲपचे नवे फीचर आधी काही वापरकर्त्यांना देऊन बाकीच्यांशी तुलना करतात, तसेच. ‘स्नेहा’ ही संस्था आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन यांनी मुंबईच्या वस्त्यांत ही पद्धत वापरली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वस्त्या निवडल्या. काहींत महिला, पुरुष आणि किशोरवयीनांचे गट आधी, उरलेल्यांत नंतर. अशी तुलना नसेल, तर फरक उपक्रमामुळे पडला की काळामुळे, हे कळत नाही.

रस्त्यावरच्या हाणामारीचे काय?

वेल्समधील कार्डिफ विद्यापीठाचे शल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आले की, रुग्णालयात येणारे अनेक जखमी पोलिसांच्या नोंदीतच नसतात. म्हणून मारहाण कुठे, केव्हा आणि कशाने झाली, एवढेच तातडीच्या विभागात विचारून, नावे वगळून माहिती पोलीस व महापालिकेला दिली जाऊ लागली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, तशाच इतर शहरांच्या तुलनेत कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले. मेयो आणि मेडिकलसारखी रुग्णालये असलेल्या नागपुरातही ही पद्धत वापरून पाहण्याजोगी आहे.

शेजाऱ्याला काय करता येते?

कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ मधील कलम ४ अनेकांना ठाऊक नसते. हिंसा झाली, होत आहे किंवा होण्याची शक्यता आहे, असे वाटले तर कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही.

तातडीच्या वेळी ११२, महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८. नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्येही समुपदेशन आणि कायदेशीर मदत मिळते. दुसऱ्या दिवशी नवरा घरी नसताना तिला हे क्रमांक सांगितले तरी चालेल. ते तिच्या मोबाइलमध्ये कोणत्या नावाने ठेवायचे, हे तिलाच ठरवू द्या.