खिडकीच्या कपाळावरचे नाव

संगणकाच्या पडद्यावर एखादी खिडकी उघडली की आपण लगेच आतला मजकूर वाचू लागतो. तिच्या कपाळावरची पट्टी, त्या पट्टीवरचे नाव, कोपऱ्यातली फुली, कडेची बारीक रेघ यांच्याकडे लक्ष जात नाही. बहुतेकांची समजूत अशी असते की ही सारी चौकट त्या प्रोग्रामनेच आणलेली आहे. युनिक्सच्या घराण्यातल्या संगणकांवर मात्र वर्षानुवर्षे निराळाच कारभार चालत आला. तिथे प्रोग्राम फक्त आतली खोली रंगवतो. चौकट बसवणारा, पाटी लावणारा आणि कोणाला कुठे बसवायचे ते ठरवणारा वेगळा असतो. त्याला म्हणतात विंडो मॅनेजर. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला ‘मॅनेजर’ हा शब्द ऐकून कुतूहल वाटणारच.

या कारभाराचे मूळ १९८४ सालचे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ‘प्रोजेक्ट अथीना’ चालू होता. तिथे रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक खिडकी-व्यवस्था उभी केली. स्टॅनफर्डमध्ये आधी ‘डब्ल्यू’ नावाची व्यवस्था होती, म्हणून हिचे नाव त्यापुढचे अक्षर, ‘एक्स’. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. पहिल्या तीन वर्षांत अकरा आवृत्त्या, आणि पुढच्या जवळजवळ चाळीस वर्षांत बारावी नाही! त्यांचे धोरण असे की आम्ही साधने देऊ, ती कशी वापरायची हे सांगणार नाही. खिडकी कशी दिसावी, कुठे असावी, याबद्दल एक्सचे स्वतःचे काहीच मत नाही. ते मत विंडो मॅनेजरचे. आणि हा मॅनेजर तरी कोण? इतरांसारखाच एक प्रोग्राम. फरक इतकाच की, दुसऱ्याची खिडकी पडद्यावर येण्याआधी ती अडवण्याचा अधिकार एका वेळी एकालाच मिळतो आणि तो याने घेतलेला असतो. शाखेत केबिन एकच असते, तसे.

मग प्रोग्राम आणि मॅनेजर यांचे बोलणे होते कसे? चिठ्ठ्यांनी. प्रत्येक खिडकीला प्रोग्राम काही चिठ्ठ्या चिकटवतो, मॅनेजर त्या वाचतो. या चिठ्ठ्यांना ‘प्रॉपर्टीज’ म्हणतात. कोणत्या चिठ्ठीवर काय लिहायचे याचा नियमग्रंथ सन कंपनीच्या डेव्हिड रोझेन्थाल यांनी लिहिला आणि १९८९ मध्ये तो प्रमाण म्हणून मान्य झाला. सगळ्या मुख्य चिठ्ठ्या एकदम लावण्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक तयार आज्ञा मिळाली, ‘एक्स-सेट-डब्ल्यूएम-प्रॉपर्टीज’. मला तर तो सरळ खाते उघडण्याचा फॉर्म वाटतो. नाव काय, छोटे केल्यावर दाखवायचे नाव काय, किमान आकार किती, कमाल किती, कोणत्या वर्गातले. क्रमही तसाच. आधी खिडकी तयार करायची, मग फॉर्म भरायचा, आणि मगच ती पडद्यावर मांडा अशी विनंती करायची. फॉर्म कोरा ठेवून काउंटरवर आलात तर मॅनेजर आपल्या मनाने रकाने भरतो.

आणि भरलेले सगळे मान्य होईलच असेही नाही. यातल्या आकाराच्या चिठ्ठीला इंग्रजीत शब्दच आहे ‘हिंट्स’, म्हणजे नुसती सूचना. मॅनेजरने मान दिला तर दिला. काही मॅनेजर तर पडद्याच्या सारख्या फाळण्या करून प्रत्येकाला ठरलेल्या चौकोनात बसवतात, तुमची इच्छा काहीही असो.

तरीही आकाराच्या चिठ्ठीत सूक्ष्म विचार आहे. १९८४ आणि १९८९ साली रंगराजन समित्यांचे अहवाल आले आणि त्यानंतर हळूहळू शाखांमध्ये संगणक शिरले. आम्ही जे हिरव्या अक्षरांचे पडदे पाहिले त्यावर ऐंशी अक्षरांच्या चोवीस ओळी मावत. आज तो जुना पडदा एका खिडकीत अवतरतो. त्या खिडकीची कड माऊसने ओढली तर ती सरसर वाढत नाही, एकेका अक्षराच्या मापाने वाढते. कारण प्रोग्रामने चिठ्ठीत लिहिलेले असते, ‘मला वाढवायचे तर पूर्ण अक्षराने वाढवा.’ अर्धे अक्षर दिसून कोणाचे भले होणार?

दुसरी एक चिठ्ठी मला फार आवडते. ‘फाइल जतन करायची का?’ असे विचारणारी लहान खिडकी येते, तिच्यावर लिहिलेले असते की मी अमुक खिडकीच्या आश्रयाने आहे. अज्ञान मुलाचे खाते पालकाच्या नावाने चालते, तेच हे नाते. पालक खिडकी मिटली की लहानीही सहसा मिटते. आणि फुली दाबल्यावर काय होते? ‘बंद करण्याआधी मला कळवा’ अशी चिठ्ठी प्रोग्रामने लावलेली असेल तर मॅनेजर निरोप धाडतो आणि प्रोग्राम आवराआवर करतो. ती चिठ्ठी नसेल तर मॅनेजर थेट वीज तोडल्यासारखे त्याचे कनेक्शन तोडू शकतो. भारनियमनाच्या काळात मराठवाड्यातल्या शाखेत नावे नोंद झाली आणि जमा नोंद होण्याआधी दिवे गेले, असे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या चिठ्ठीची किंमत वेगळी सांगायला नको.

पण खरी गोष्ट नावाच्या चिठ्ठीची आहे.

माझा पुतण्या अभियांत्रिकीला आहे. सिडकोतल्या आमच्या घरी बायकोच्या बचत गटाचे हिशेब चालतात. त्यांच्यासाठी त्याने हौसेने एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि नाव दिले ‘खातेवही’. आत सगळे मराठी स्वच्छ दिसत होते. वरच्या पट्टीवर मात्र गिचमिड.

‘‘काका, हे बघा, येनचे चिन्ह आलंय,’’ तो म्हणाला.

‘‘जपानकडून कर्ज घेतलंय का रे गटाने?’’

त्यावर त्याची काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘आधी ते नाव नीट करा. बायका मलाच विचारतील, तुमचं मराठी असं कसं?’’

कारण शोधले ते असे. नावाची मूळ चिठ्ठी ज्या लिपीसाठी बेतली होती ती ‘लॅटिन-१’, म्हणजे पश्चिम युरोपच्या भाषांपुरती. तिच्यात पौंड आहे, येन आहे, देवनागरीचा ‘क’ नाही. पुढे अनेक लिप्या एकत्र बांधणारा ‘कंपाउंड टेक्स्ट’ हा प्रकार आला. त्यात युरोपातल्या अनेक लिप्या, चिनी, जपानी, कोरियन यांची सोय होती. देवनागरीची नव्हती. आता ‘खातेवही’ हा शब्द पाहा. आपल्या लेखी चार अक्षरे. युनिकोडच्या लेखी सात चिन्हे, कारण काना, मात्रा आणि वेलांटी स्वतंत्र मोजतात. युटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे एकवीस. मॅनेजरने ते लॅटिन-१ समजून वाचले की एकवीस सुटी चिन्हे होतात. त्यातली ‘ते’ची मात्रा आणि ‘ही’ची वेलांटी यांचा मधला बाइट नेमका येनचा! बाकी पाच ठिकाणी चलनाचे एक सर्वसाधारण चिन्ह येते. बचत गटाला साजेसेच म्हणायचे.

नव्वदच्या दशकात ही अडचण आणखी खोल होती. तेव्हाचे ‘श्रीलिपी’सारखे मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. आतला मजकूर प्रोग्राम स्वतःच्या फॉन्टने काढी, म्हणून मराठी दिसे. पण कपाळावरची पट्टी काढणारा दुसरा, त्याचा फॉन्ट दुसरा. तिथे मुखवटा गळून पडे आणि खालची रोमन अक्षरे उघडी पडत. म्हणजे घरात मराठी आणि उंबरठ्यावर इंग्रजीची मोडतोड. यात प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मराठीप्रेमाची उणीव नव्हती. पाटी रंगवणाऱ्याला लिपी येत नव्हती, इतकेच.

उपाय अनेक हातांनी मिळून झाला. इस्कीचे प्रमाण १९८८ मध्ये ठरले, त्याच्याच मांडणीवर १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरी आली. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी युटीएफ-८ योजले. पुढे खिडक्यांच्या नियमांना पुरवणी जोडली गेली आणि नावासाठी दुसरी चिठ्ठी आली, जी युटीएफ-८ मध्येच लिहायची. मॅनेजर आधी ती बघतो, नसेल तर जुनी. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ हे मुक्त फॉन्ट दिले, २००७ मध्ये सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स आली. पुतण्याने नवी चिठ्ठी लावायची चार ओळींची भर घातली आणि पट्टीवर ‘खातेवही’ उमटले. हल्लीची तयार साधने वापरली असती तर हे आपोआप झाले असते. पण ते तसे मिळाले असते तर त्याला काहीच कळले नसते, असे माझे मत. त्याचे मत अर्थातच निराळे आहे.

एक चिठ्ठी मात्र आजही रोमनच ठेवतात, ती वर्गाची. ती पट्टीवर दिसत नाही. तिच्यावरून मॅनेजर ओळखतो की या तीन खिडक्या एकाच प्रोग्रामच्या आहेत, त्यांना एकाच चित्राखाली ठेवा. नाव बदलते, वर्ग टिकतो. बँकेच्या भाषेत हा आयएफएससी. २०२३ मध्ये आपल्या शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, पाट्या बदलल्या. पण नुसती पाटी बदलली म्हणून शाखेचा कोड बदलत नाही. विमानतळाचा संकेतही ‘आयएक्सयू’च राहिला. उलट १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ हैदराबाद स्टेट बँकेत विलीन झाली, तेव्हा कित्येक शाखा त्याच जागी, तीच माणसे, पण ‘एसबीएचवाय’ने सुरू होणारे कोड ‘एसबीआयएन’ने सुरू होऊ लागले. मराठवाड्यातल्या किती पेन्शनरांनी तेव्हा पासबुके घेऊन रांगा लावल्या, विचारू नका. नाव बदलणे आणि वर्ग बदलणे यांतला फरक त्यांना कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही.

आता एक्सचीही निवृत्ती जवळ आली आहे. तिच्या जागी ‘वेलँड’ येते आहे. तिथे मॅनेजर वेगळा नाही, पडदा सांभाळणारा आणि चौकट ठरवणारा एकच. शीर्षक सांगायचे, वर्ग सांगायचा, किमान आकार सांगायचा, एवढे प्रोग्रामच्या हाती राहिले आहे. मला पडद्यावर अमुक जागी बसवा, हे सांगायची सोयच काढून टाकली आहे. शीर्षक मात्र युटीएफ-८ मध्येच लिहायचे, हा नियम पहिल्यापासून. जुन्या प्रोग्रामांसाठी ‘एक्सवेलँड’ नावाचा एक दुभाषी ठेवला आहे. पुतण्याची ‘खातेवही’ सध्या त्याच्याच मार्फत चालते, आणि दर महिन्याच्या दहा तारखेला आमच्या बैठकीच्या खोलीत तिच्या त्या चिठ्ठ्या वाचल्या जातात.