‘नुसतं पाणी तर पाजलं!’

खाटेला पाटी टांगलेली असते: ‘तोंडाने काहीही देऊ नये’. लाल अक्षरांत, शुद्ध मराठीत. शेजारी स्टुलावर अर्धी झालेली पाण्याची बाटली आणि आजोबांच्या गळ्याशी ओला टॉवेल. मी काही विचारायच्या आत सूनबाई म्हणतात, “मॅडम, खायला काही दिलं नाही हो. नुसतं दोन घोट पाणी पाजलं. घसा कोरडा पडला होता त्यांचा.”

स्ट्रोकच्या वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून फिरताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातल्या ‘नुसतं’ने माझं डोकं फिरतं. पाण्याला आपण खाण्यात धरतच नाही; निर्जळी सोडली तर उपासालाही ते चालतं. त्यातून ‘पातळ तेवढं हलकं’ हे आपल्याला लहानपणापासून पाठ. ताप आलाय, पेज द्या. पोट बिघडलंय, ताक द्या. मग अंगावरून वारं गेलेल्या माणसाला मोसंबीचा रस, नारळपाणी, वरणावरचं पाणी द्यायला कोण कचरेल? माया खरी असते, त्यामुळे रागावताही येत नाही. पण स्ट्रोकनंतरच्या पहिल्या दिवसांत ताटातला सगळ्यात अवघड पदार्थ पाणीच असतो.

का, ते सांगते. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची तोंडं घशात शेजारी-शेजारी असतात. घास मागे सरकला की स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासाची वाट क्षणभर बंद होते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. हे सगळं सेकंदाभरात, आपल्याला न कळता होतं. मेंदूच्या ज्या भागातून याचे हुकूम सुटतात त्याला इजा झाली, तर दार उशिरा लागतं किंवा अर्धवट लागतं. दाट घास सावकाश सरकतो, दार लागायला वेळ मिळतो. पाणी मात्र जिभेवरून सुटतं ते थेट घशात, आणि दार उघडं असेल तर फुप्फुसात. त्यातून रुग्णाला आडवं ठेवून बोंडल्याने पाजलं, की झालंच.

“पण ठसका तर लागला नाही!” हा पुढचा युक्तिवाद. ठसका म्हणजे शरीराची राखण. स्ट्रोकमध्ये घशाची संवेदनाच बोथट झाली असेल, तर राखणदारही झोपलेला असतो. पाणी श्वासनलिकेत जातं, माणूस शांत दिसतो, आणि दोन-तीन दिवसांनी ताप चढून न्यूमोनिया होतो. तेव्हा त्या दोन घोटांची आठवण कुणालाच नसते. पिताना आवाज ओलसर, घरघरता झाला तरी सावध व्हायचं असतं, आणि काहीच लक्षण दिसलं नाही तरी चाचणी करायचीच असते.

हे अपवादाने घडतं असं वाटत असेल, तर आकडे पाहा. २००५ साली ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात रोझमेरी मार्टिनो आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला. खाटेशी बसून केलेल्या पूर्ण तपासणीत निम्म्याहून अधिक रुग्णांना गिळण्याची अडचण आढळत होती. अशांना न्यूमोनियाचा धोका तिपटीहून जास्त होता. ऑस्ट्रेलियात १९ स्ट्रोक युनिट्समध्ये झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. निम्म्या युनिट्समधल्या नर्सना ताप, साखर आणि गिळणं या तीनच गोष्टी काटेकोर सांभाळायला शिकवलं होतं. तिथे तीन महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण ४२ टक्के होतं, इतर युनिट्समध्ये ५८. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही.

मग करायचं काय? गिळणं तपासल्याशिवाय तोंडाने काही नाही. घसा कोरडा पडला, तर ओल्या गॉजने ओठ आणि जीभ पुसा. तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, आणि किती दाटपणा झेपतो हे कळलं की तो दाटपणा स्वयंपाकघरात उतरवायचं काम माझं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, पाण्याच्या शून्यापासून नेहमीच्या जेवणाच्या सातपर्यंत. ठरावीक मापाच्या सिरिंजमध्ये १० मिलिलिटर पातळ पदार्थ भरायचा, सिरिंजच्या तोंडाला खालून लावलेलं बोट काढायचं आणि १० सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. पाणी सगळं पडून जातं. ४ ते ८ मिलिलिटर उरलं, तर पायरी दोन.

घरी आंबील, कढण, दही यांनी पुष्कळ भागतं, पण खोडी असतात. नाचणीची आंबील गरम असताना सैल आणि निवल्यावर घट्ट होते. उष्टा चमचा पुन्हा वाटीत बुडवला, तर लाळेने पिष्ट फुटतं आणि थोड्याच वेळात आंबिलीचं पाणी होतं. दूध-पोळी, साबुदाण्याची खीर, पातळ वरण ओतलेला भात ही तर फसवी जोडगोळी: चावायचंही आणि पातळही, दोन्ही एकाच घासात. त्यापेक्षा आसट भात डाळीसकट घोटून द्या.

डाळीसकट म्हणते, कारण निवळ पाण्यात डाळीचं सत्त्व उतरतं हाही भ्रमच; प्रथिनं खालच्या डाळीत राहतात आणि ती घरच्यांच्या ताटात जातात. वयस्कांना वजनाच्या किलोमागे निदान १ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. खाटेवर पडून दंड-मांड्या झिजल्या, तर फिजिओथेरपिस्ट उभं कुणाला करणार?

‘वारं’ या शब्दानेही घोटाळा केलाय. वारं म्हणून वात, वात म्हणून डाळी-कडधान्यं बंद. स्ट्रोक म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी तुंबणं किंवा फुटणं. हरभऱ्याचा त्यात काही हात नाही. कबुतराचं रक्त चोळून किंवा मांस खाऊन लकवा जात नाही. कृपा करून त्या पक्ष्याला सोडा. सैंधव हेही मीठच आणि बीपीही तेवढंच वाढवतं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर पालेभाज्या सोडायच्या नाहीत, रोज साधारण सारख्याच प्रमाणात खायच्या. प्रोटीन पावडरीचा डबा प्रत्येकाला लागत नाही: २००५ च्या ‘फूड’ चाचणीत चार हजारांवर रुग्ण होते, आणि सरसकट पूरक आहार देऊन फरक पडला नाही, खरोखर खंगलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. अन्न देण्यासाठी नाकात घातलेली नळी म्हणजेही शेवट नव्हे. बऱ्याच जणांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं आणि नळी निघते.

आणि ‘आजोबांची भूकच गेली, अर्धं ताट टाकतात’ हे ऐकलं की मी आधी ताट बघते. एकदा वरण-भात उजवीकडून स्वच्छ खाल्लेला होता आणि डावीकडची भाजी, दही जसंच्या तसं. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काहींना डावीकडचं जगच जाणवत नाही, डोळे चांगले असूनही. मी ताट अर्धं फिरवलं. आजोबांनी उरलेलं संपवलं आणि विचारलं, “दही आत्ता वाढलंत होय?”

डिस्चार्जच्या कागदावर हे काही नसतं. ‘सॉफ्ट डाएट’ असे दोन शब्द असतात, आणि घरी त्याचा अर्थ चहात बुडवलेलं बिस्किट. तेव्हा बिल भरायच्या आधी आहारतज्ज्ञांना खाटेपाशी बोलवा आणि तीन गोष्टी लिहून मागा: पाणी किती दाट द्यायचं, चमच्याने की पेल्याने, आणि दिवसभरात किती. दाट केलेलं पाणी माणसं कमी पितात, म्हणून तिसरा प्रश्न विसरू नका.