एक चंद्रकळा, अनेक रूपे

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ असे आपण सहज म्हणून जातो. पण दहा नूर आणायला दहा कपडे लागतात असे त्या म्हणीत कुठेच म्हटलेले नाही. आमच्या महाविद्यालयात पारनेर, पाथर्डी, शेवगाव, कर्जत या भागांतून पुष्कळ मुली येतात. जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणाचा. पावसाने दगा दिला की घरात सर्वांत आधी थांबते ती कापडखरेदी. मग स्नेहसंमेलनाच्या दिवशी एखादी मैत्रीण ‘डोके दुखते’ म्हणून खोलीवरच पडून राहते. तिचे खरे दुखणे कोणते ते आम्हा वसतिगृहातल्या मुलींना चांगले ठाऊक असते. तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी, हा लेख. पेटीत एकच साधा काळा पोशाख असला, मग ती साडी असो की कुर्ता, तरी त्याची नाना रूपे कशी करता येतात ते येथे सांगायचे आहे.

काळाच का? कारण काळा रंग स्वतःकडे फारसे लक्ष वेधून घेत नाही; त्यावर जे ठेवावे ते उठून दिसते. फळ्यावरचा खडू आठवा. शिवाय काळ्याशी कोणताही रंग भांडत नाही. लाल, मोरपंखी, पिवळा, पांढरा, सगळ्यांना तो सामावून घेतो.

पाश्चात्त्य देशांत काळा पोशाख बराच काळ दुखवट्याचा मानला जाई. १९२६ साली ‘व्होग’ मासिकाने कोको शनेल यांच्या एका साध्या काळ्या पोशाखाचे चित्र छापले आणि त्याची तुलना फोर्ड मोटारीशी केली. सगळ्यांना चालेल असा पोशाख, हा त्याचा आशय. १९६१ च्या एका चित्रपटात ऑड्रे हेपबर्नने काळ्या झग्यावर मोत्यांच्या पदरी माळा घातल्या आणि तो वेष जगभर गाजला. पण आपल्याला इतके लांब जायचे कारण नाही. आपल्याकडे चंद्रकळा होतीच! काळे लुगडे, बहुधा लाल काठाचे. नगर आणि संगमनेर ही गावे तर जुन्या काळी हातमागाच्या लुगड्यांसाठी नावाजलेली. एरवी शुभकार्यात काळे वर्ज्य. पण संक्रांतीला नव्या नवरीला काळी साडी नेसवतात, बोरन्हाणाला बाळाला काळे झबले घालतात. त्यामागे साधा व्यवहार आहे. काळा रंग उन्हाची उष्णता शोषून घेतो आणि पौषातल्या थंडीत ऊब देतो.

त्या दिवशीचे हलव्याचे दागिने हा तर काळ्यावरच्या सजावटीचा वस्तुपाठच आहे. तिळावर थेंब थेंब पाक सोडत, मंद आचेवर हाताने फिरवत काटा आणलेला पांढरा हलवा दोऱ्यात ओवायचा आणि त्याचा हार, बाजूबंद, बिंदी करायची. साखर ती काय आणि तिची किंमत ती काय! पण काळ्यावर ती मोत्यांसारखी दिसते. शोभा दागिन्याच्या मोलात नसून विरोधी रंगात आहे, हे आपल्या आज्यापणज्यांनी केव्हाच ओळखले होते.

आता प्रत्यक्ष सजावटीकडे वळू. प्रथम गळा आणि खांदा. साध्या काळ्या कुर्त्यावर ओढणी बदलली की पोशाखच बदलतो. नवी घ्यायलाच हवी असे नाही. आजीचे इरकली लुगडे मध्येच विरलेले असते, पण त्याचा लाल-पांढरा टोपपदर बहुधा शाबूत असतो. तो कापून, कडा दुमडून शिवला की सुरेख ओढणी होते. माहेश्वरी कापड मिळाले तर उत्तमच. त्याचे काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतात. चौंडीला १७२५ साली जन्मलेल्या अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकरांना आश्रय दिला, आणि आपला जिल्हा २०२४ पासून त्यांचेच नाव मिरवतो आहे. चौकोनी रुमाल असेल तर तो तिरका दुमडून त्रिकोण करावा आणि टोके मागे बांधावीत, किंवा गुंडाळून पट्टी करून गळ्याशी एका बाजूला सैल गाठ मारावी. एस.टी.च्या धुळीत तोच रुमाल डोक्याला बांधता येतो.

दुसरी जागा कमरेची. चांदीचा कंबरपट्टा सर्वांच्या घरी नसतो. खणाच्या कापडाची चार बोटे रुंद पट्टी घ्यावी, आतून जाड अस्तर लावावे, टोकांना नाड्या शिवाव्यात. सैल कुर्त्यावर ही पट्टी बांधली की त्याला घाट येतो. साडीवर बांधली तर पदर जागच्या जागी राहतो. नाचात, लेझमीत याचा फार उपयोग होतो. आणि काहीच नसेल तर पदर आहेच. आपल्या बायका पदर खोचून कामाला लागतात, तेव्हा तोच त्यांचा कमरपट्टा असतो.

तिसरी गोष्ट दागिन्यांची. येथे एकच नियम मी पाळते : ठळक गोष्ट एकच असावी. गळ्यात ठुशी असेल तर कान साधे ठेवावेत. नथ घातली तर गळा मोकळा सोडावा. चर्चासत्राला रुपेरी कुड्या आणि घड्याळ पुरे. हळदीकुंकवाला हिरव्या बांगड्या आणि शेवंतीची वेणी. संमेलनात खणाची पट्टी आणि नथ. पोशाख तोच, पण पाहणाऱ्याला तीन वेळा नवा.

थोडी काळजीही घ्यावी. नवे काळे सुती कापड रंग सोडते. ते गार पाण्यात वेगळे धुवावे आणि उलटे करून सावलीत वाळवावे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात भर दुपारी काळे घालू नये. ज्या गुणाने ते थंडीत सुखावते त्याच गुणाने उन्हाळ्यात भाजते.

शेवटी एक मनातले. मी सावळी आहे. ‘सावळ्या मुलीने काळे नेसू नये, आणखी काळी दिसते,’ हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. हे सांगणाऱ्या बायका आषाढात पंढरीच्या वाटेला लागतात आणि काळ्या विठ्ठलाचे रूप डोळ्यांत साठवून परत येतात! सावळ्या चेहऱ्याजवळ हळदी, लाल किंवा मोतिया रंगाची ओढणी आली की तोंडावर कसे तेज येते, ते आरशात एकदा पाहावे. धनगराच्या खांद्यावरची काळी घोंगडी न रंगवलेल्या लोकरीची असते. तिला कोणी कुरूप म्हणत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, रंग कातडीचा असो की कापडाचा, त्याची लाज बाळगू नका. पुढच्या संमेलनाला काळा पोशाख बाहेर काढा, खणाची पट्टी बांधा आणि खोलीवर न थांबता मंडपात या. पट्टी नसेल तर माझी घ्या. मी दोन शिवल्या आहेत.