कडबाकुट्टीचे चाक जड का असते?

कडबा अख्खा टाकल्यास जनावरे पाला खातात आणि जाड बुडखे तुडवून वाया घालवितात. म्हणून वैरण कुट्टी करूनच घालावी, असे शेतकऱ्यांस नेहमी सांगितले जाते. हाताने चालविण्याचे कडबाकुट्टी यंत्र त्यासाठी सोयीचे आहे. परंतु त्याचे बिडाचे मोठे चाक पाहून, 'हे हलके असते तर कष्ट कमी झाले नसते काय?' असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. वस्तुस्थिती उलट आहे. तिचे कारण समजले म्हणजे यंत्र चालविण्याची रीत आणि त्यातील धोका, दोन्ही ध्यानात येतात.

मूठ आसापासून दूर का?

चाक फिरविताना किती जोर लावला याइतकेच तो आसापासून किती अंतरावर लावला, यालाही महत्त्व असते. जोर आणि अंतर यांच्या गुणाकारास 'परिबल' म्हणतात. मूठ आसापासून ४५ सेंटिमीटरवर असून तिच्यावर १० किलोचा जोर लावला, तर परिबल ४५० होते. मूठ ३० सेंटिमीटरवर बसविली, तर तेवढ्याच परिबलासाठी १५ किलोचा जोर लागेल. मूठ दूर असली म्हणजे हाताला मोठे वर्तुळ फिरावे लागते, हे मात्र विसरू नये. जोर वाचतो; काम वाचत नाही.

आता पाते आसापासून २० सेंटिमीटरवर कडबा कापत असेल, तर तेथे हाताचा जोर साडेबावीस किलो इतकाच पोचतो. जाड पेंढी तेवढ्याने कापली जात नाही. उरलेला जोर चाक पुरविते.

चाकातील साठा

स्थिर चाक फिरू लागण्यास आणि फिरते चाक थांबण्यास जो विरोध करते, त्याच्या मापास 'निरूढी परिबल' म्हणतात. ते नुसत्या वजनावर ठरत नाही. वजन आसापासून दुप्पट दूर नेले, तर हे माप चौपट होते. याच कारणाने कुट्टीच्या चाकाचे आरे बारीक व बाहेरचे कडे जाड ठेवतात.

समजा, चाकाचे वजन ३० किलो असून ते बहुतेक सर्व अर्ध्या मीटरवरील कड्यात आहे. असे चाक मिनिटास ६० फेरे घेत असेल, तर ३० किलोचे ओझे सुमारे अर्धा मीटर उचलण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढी त्यात साठलेली असते. फेरे ३० झाले की साठा निम्मा न राहता चौथाईवर येतो. म्हणून यंत्र अडखळत न चालविता एका लयीत चालवावे.

पाते मोकळे फिरत असता हाताचे श्रम चाकात साठतात. पाते पेंढीला भिडताच चाक ते परत देते व किंचित मंदावते. हलके चाक अशा वेळी पेंढीतच अडकते आणि प्रत्येक कापास हाताला नव्याने जोर करावा लागतो.

हाच साठा घातक

मूठ सोडली तरी चाक लगेच थांबत नाही, कारण आसावरील घर्षणाचे परिबल अल्प असते. जे पाते पेंढी कापते, त्याला बोटे कापण्यास काहीच अडचण पडत नाही. मुलांनी खेळताना चाक फिरविले आणि दुसऱ्याचा हात तोंडात असला, तर क्षणात आयुष्यभराचे अपंगत्व येते. यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. चाक पूर्ण थांबून खीळ घातल्याशिवाय अडकलेली वैरण काढण्यासाठी हात घालू नये.

२. काम संपताच खीळ घालून ठेवावी. मुलांना यंत्राजवळ खेळू देऊ नये.

३. सैल बाही, पदर किंवा उपरणे आवरून घ्यावे.

४. पात्यांना धार ठेवावी व त्यांचे बोल्ट रोज तपासावेत. पाते आणि तोंडाची कड यांत फट राहिल्यास वैरण कापली न जाता चेंगरते व श्रम वाढतात.

५. आसाला व दातेरी चाकांना वंगण द्यावे. तेही चाक खिळीने अडकवूनच.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी रिकामे यंत्र फिरवून मूठ सोडावी आणि चाक किती वेळ फिरत राहते, ते सर्वांस मोजावयास सांगावे. खिळीचे महत्त्व पटविण्यास तेवढे पुरेसे होईल.