राजा आणि एका हत्तीने मात

पटावर तुमचा राजा आणि एक हत्ती, समोर नुसता राजा. डाव जिंकलेलाच असतो, पण कित्येक नवे खेळाडू इथे शहामागून शह देत बसतात आणि राजा मोकळा फिरत राहतो. शह देऊ नका, कोंडी करा.

हत्तीने एक रांग अडवली की ती राजासाठी भिंत होते. मग आपला राजा जवळ आणा. हत्ती एकटा हे काम करू शकत नाही. प्रतिस्पर्धी राजा हत्तीच्या अंगावर आला, तर हत्ती त्याच रांगेत पटाच्या दुसऱ्या टोकाला न्या, भिंत तशीच राहते.

आता माझी सगळ्यात आवडती स्थिती मांडून बघा. पांढरा राजा ई६, हत्ती जी१, काळा राजा एफ८, खेळी पांढऱ्याची. इथे शह नको! हत्ती फक्त एक घर सरकवा: जी२. काळ्या राजाला ई८ हे एकच घर उरतं, तिथे तो आपल्या राजाच्या बरोबर समोर येतो, आणि हत्ती जी८ वर गेला की मात. ती एक शांत, वाट पाहणारी खेळी म्हणजे या तंत्राचा जीव आहे.

कोपऱ्यात मात्र जपा. काळा राजा ए८, तुमचा राजा सी६ आणि हत्ती बी७ वर असताना खेळी काळ्याची असेल तर स्टेलमेट, डाव बरोबरीत.

अचूक खेळलं तर कुठल्याही जिंकणाऱ्या स्थितीतून जास्तीत जास्त 16 खेळ्यांत मात होते. नियम 50 खेळ्यांची मुभा देतो, तेव्हा घाई नको.