बॉस, भोवरा अजून फिरतोय!

चहा मागवला, चहा आला, चहा संपला... आणि डेस्कवरचा भोवरा फिरतोच आहे! ‘इन्सेप्शन’ (2010) बघितल्यावर तो भोवरा शेवटी पडला की नाही, यावर आपण सगळ्यांनीच वाद घातलाय. खरा भोवरा पडतोच. प्रश्न एवढाच, की किती वेळाने?

लहानपणीच्या लाकडी भोवऱ्याला जाळीचा दणका मिळायचा. इथे इंजिन म्हणजे दोन बोटांची एक चुटकी. तेवढीच शक्ती पुरवून पुरवून वापरायची. मी असा भोवरा करून घ्यायचा ठरवला, तेव्हा पहिला सवाल होता, धातू कुठला?

वजन काठावर हवं

एका घन सेंटिमीटरमागे ॲल्युमिनियम 2.7 ग्रॅम, स्टील 7.8, पितळ साधारण 8.5 आणि टंगस्टन तब्बल 19.3! म्हणजे टंगस्टन घ्या, विषय संपला? थांबा. टंगस्टन महाग, शिवाय कापायला कठीण. आणि भोवरा जितका जड, तितका टोकावर भार जास्त आणि चुटकीला वेग कमी.

खरी गंमत आहे वजन कुठे बसवलंय त्यात. तेच वजन मध्यापासून दुप्पट लांब नेलं, की त्याचा फिरत राहण्याचा हट्ट चौपट होतो. म्हणून मधली चकती पातळ आणि काठ जाड. मी पितळ निवडलं. बजेटमध्ये बसतं, लेथवर लोण्यासारखं कापलं जातं आणि दिसतंही झकास. व्यास 38 मिलिमीटर.

बुटका तो टिकतो

वेग उतरला की भोवरा डुलायला लागतो. वजन जमिनीलगत असेल, तर तो कमी वेगातही तोल सांभाळतो. पण फार खाली नेलात तर जरा कललं की कड घासते आणि खेळ खल्लास! वरची दांडी बारीक ठेवा, म्हणजे एका चुटकीत जास्त फेरे मिळतात. अती बारीक केली, तर बोटांना जोर लावता येत नाही. काठावर नक्षीकाम नकोच. सुरुवातीच्या वेगात हवाच सगळ्यात जास्त ब्रेक लावते.

पैसे टोकावर उडवा

वेग कमी झाला की खरा व्हिलन टोकाचं घर्षण. मऊ टोक झिजून चपटं होतं, टेकण्याची जागा वाढते आणि भोवरा लवकर थकतो. म्हणून टोकाला कडक, गुळगुळीत गोळी हवी: सिरॅमिक, टंगस्टन कार्बाइड किंवा माणिक. मी बेअरिंगमधली 3 मिलिमीटरची सिरॅमिक गोळी बसवून घेतली. खाली काय? दाढीचा, चेहरा मोठा दाखवणारा आरसा! तो खोलगट असतो, त्यामुळे भोवरा भटकत नाही, मध्यावर येऊन स्थिरावतो.

एकाच पकडीत

भोसरीतल्या लेथवाल्या काकांनी ड्रॉइंग बघून एकच अट घातली: ‘‘दांडी, चकती, गोळीचं भोक, सगळं एकाच पकडीत काढणार.’’ जॉब चकमधून काढून पुन्हा लावला, की मध्य केसभर सरकतो. तेवढंही पुरतं. भोवरा थरथरतो आणि सगळी मेहनत थरथरण्यात जाते. महागडा धातू हा दोष झाकू शकत नाही. साधं पितळ अचूक कापलेलं असेल, तर वेडंवाकडं टंगस्टन त्याच्यापुढे पाणी भरेल.

माझा भोवरा चांगल्या चुटकीवर दहा मिनिटं ओलांडतो. 2018 मध्ये एका इस्रायली भोवऱ्याने 27 तासांचा विक्रम केला खरा, पण त्याच्या पोटात मोटर होती. आपली कॅटेगरी वेगळी!

करून घेताय? मग हे लक्षात ठेवा

• पहिला भोवरा पितळेचा, टंगस्टनचा हट्ट नंतर.
• काठ जाड, मध्य पातळ, उंची कमी.
• टोकाला कडक गोळी, खाली स्वच्छ खोलगट काच. धूळ पुसा.
• लेथवाला भाव बघून नाही, हात बघून निवडा.

आणि हो, फिरवल्यावर दहा मिनिटं मोबाइल उलटा ठेवा. ईमेल कुठे पळून जात नाहीत!