कॅम लिनक्सवर नेताय? आधी पोस्ट प्रोसेसर तपासा!

या आठवड्याच्या व्हिडिओत जे घाईत सांगितलं, ते इथे नीट लिहून देतोय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यामुळे वर्कशॉपमधले बरेच जुने पीसी त्यात बसत नाहीत. मग कोणीतरी सुचवतं, "लिनक्स टाका, फुकट आहे!" खरंय. पण तुटलेला कटर आणि वाया गेलेला जॉब फुकट नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कॅम सॉफ्टवेअर दोन कामं करतं. एक, टूलपाथ काढणं. दोन, तो टूलपाथ तुमच्या कंट्रोलरला समजेल अशा जी-कोडमध्ये लिहिणं. हे दुसरं काम पोस्ट प्रोसेसरचं, आणि गाडी अडते ती इथेच.

पहिल्या कामासाठी लिनक्सवर फ्रीकॅड आहे. नोव्हेंबर २०२४ च्या १.० आवृत्तीपासून त्यातल्या 'पाथ' विभागाचं नाव 'कॅम' झालं. प्रोफाइल, पॉकेट, ड्रिलिंग ही कामं त्यात होतात. पण डाय-मोल्डचे वळणदार सरफेस हे तुमचं रोजचं काम असेल, तर जुनं सॉफ्टवेअर इतक्यात सोडू नका.

फॅनक, लिनक्ससीएनसी, जीआरबीएल यांचे पोस्ट फ्रीकॅडसोबतच येतात. तरी डोळे झाकून विश्वास नको. एम ६ म्हटलं की टूल चेंजर असलेलं मशीन टूल बदलतं, साधं जीआरबीएल मात्र एरर देऊन थांबतं.

म्हणून असं करा:

१. हातखंडा झालेला एक जुना जॉब निवडा.

२. दोन्ही सॉफ्टवेअरमधून त्याचा जी-कोड काढा आणि शेजारी-शेजारी उघडा. जी २१, जी ५४, जी ४३, फीड, स्पिंडल स्पीड, सगळं ओळीओळीने ताडून बघा.

३. झेडचा झीरो वर घेऊन एअर कट चालवा. मग नायलॉनच्या तुकड्यावर. धातू सगळ्यात शेवटी.

४. जुना पीसी लगेच भंगारात देऊ नका. नेट काढून महिनाभर तसाच ठेवा.

आणि हो, डिलिव्हरीची तारीख डोक्यावर असताना हा उद्योग अजिबात करू नका!

आजचा होमवर्क छोटा आहे. कंट्रोलरचं मॉडेल वहीत लिहा आणि सध्याच्या पोस्टची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. उद्या पीसी बंद पडला, तर हीच फाइल तुमची ऑर्डर वाचवेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!